दिवाळीचा डबा: थोडा गोड, थोडा खारा

दसरा झाला, सोनं वाटून झालं, की आमच्या रत्नागिरीच्या घरात एक प्रश्न हटकून निघतो. चकली-चिवडा घरच्यांना होईल, लाडू-करंज्यांची ताटं शेजारीपाजारी जातील. पण मुंबई-पुण्याला जो डबा पाठवायचा, त्यात काय भरायचं? लाडू प्रवासात फुटतात, करंजीचं सारण आठ दिवसांत खवट लागतं, आणि चिवडा तर तिकडच्या प्रत्येक घरी आधीच डबे भरभरून केलेला असतो. मग उरतं काय? उरतात आमच्या कोकणच्या गोळ्या, वड्या आणि फाका. थोड्या गोड, थोड्या खाऱ्या, जिभेवर ठेवल्या की डोळे आपोआप बारीक होतात अशा.

गेली चाळीस वर्षं मी हा डबा भरते आहे. आता हात बसला आहे. पण पहिला डबा कसा भरला होता ते आठवलं की अजून कान गरम होतात. ती हकीकत आधी सांगते, कारण पुढच्या साऱ्या कृतींमधलं मुख्य शहाणपण तिच्यातच आहे.

माझी पहिली दिवाळी

माझं माहेर पुण्याचं. लग्न होऊन मी रत्नागिरीला आले ती १९८३ साली. भाट्याच्या खाडीपलीकडे सासऱ्यांची थोडी कलमं होती, तेवढ्यावर घर चाले. त्या वर्षी आमच्या बागेत आंबा धरलाच नाही. मोहोर आला तसा काळा पडून गळाला. दिवाळसणाला माहेरी जायचं, तर बरोबर काय न्यायचं याची घरात कुजबुज सुरू झाली. मिठाईचे पुडे न्यायला हातात पैसे नव्हते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरात साखर आहे, आगळ आहे, आमसुलं आहेत. त्यातूनच काहीतरी करू हो."

मला वाटलं, आपणच करून दाखवावं. लहानपणी खाल्लेल्या लिमलेटच्या गोळ्या डोळ्यांपुढे होत्या. साखरेचा पाक ठेवला, त्यात चांगली वाटीभर आगळ ओतली आणि उकळत बसले. सासूबाई चुलीशी येऊन म्हणाल्या, "अगो, आगळ पाकात उकळू नको." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. गोळ्या दिसायला काय सुरेख झाल्या! डाळिंबाच्या दाण्यासारख्या लालबुंद. पत्र्याच्या डब्यात भरल्या, वर फडकं बांधलं आणि रात्रीच्या एसटीनं निघालो. आंबा घाटातून कोल्हापूर आणि तिथून पुणे.

पुण्यात सगळ्या काकू-आत्यांसमोर डबा उघडला, तर आत गोळी एकही नव्हती. होती ती एक अखंड लाल ढेप, डब्याच्या आकाराची. एक काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "कोकणात खाऊ असा वीट पाडून देतात वाटतं!" सगळ्या हसल्या. हेही हसले, पण मला माहीत आहे, त्यांना ते लागलं होतं. हातात पैसे नाहीत म्हणून घरचं नेलं होतं आणि तेही असं.

आई काही बोलली नाही. तिनं खलबत्त्यातला बत्ता आणला, ढेप फोडली आणि वाटीत एकेकाला तुकडा दिला. माझे वडील नुकतेच काविळीतून उठले होते. महिनाभर त्यांच्या तोंडाला चव नव्हती. समोर ठेवलेलं ताट ते तसंच परत पाठवत. त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आणखी दे."

पुढच्या वर्षी नवरात्रातच त्यांचं कार्ड आलं. खुशाली, हवापाणी, आणि शेवटी एक ओळ: "यंदा ती लाल ढेप विसरू नकोस."

सासूबाईंनी ते कार्ड वाचलं. मला वाटलं, आता "मी सांगितलं होतं" असं ऐकावं लागणार. तसं काही नाही. त्यांनी साखरेचा डबा खाली काढला आणि म्हणाल्या, "ये, बस. ढेप नव्हे, गोळ्या पाठवू."

ढेप का झाली?

मैत्रिणींनो, हे कळलं की अर्धी विद्या आली. साखर आणि आंबट फार वेळ एकत्र उकळलं की साखरेचे दोन भाग होतात. एक द्राक्षसाखर, दुसरी फळसाखर. यातली फळसाखर हवेतलं पाणी भराभर ओढून घेते. आपली कोकणपट्टी म्हणजे समुद्राकाठची दमट हवा. तिथं अशी गोळी तासाभरात चिकट होते आणि रात्रभरात शेजारणीला मिठी मारते!

मग आंबट घालायचंच नाही का? घालायचं, पण दोन वेळा, दोन मापांनी. पाक ठेवताना लिंबाचे फक्त आठ-दहा थेंब. एवढ्यानं पाक साखरत नाही, म्हणजे त्याचे पुन्हा दाणे होत नाहीत. चवीचं खरं आंबट घालायचं ते भांडं चुलीवरून खाली उतरवल्यावर, आणि तेही कोरडं. सासूबाई आगळ नव्हे, आमसुलाची पूड वापरत. त्यांनी रसायनशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण शाळेत शिकवतात त्याच्याशी त्यांची रीत तंतोतंत जुळते.

उलट, ज्या वड्या घट्ट बसायला हव्यात, उदाहरणार्थ आलेवडी, त्यात लिंबू अजिबात नको. तिथं पाक साखरायलाच हवा, नाहीतर वडी थापली तरी लिबलिबीत राहते.

पाक ओळखावा कसा?

थर्मामीटर नसला तरी चालतो. एका वाटीत थंडगार पाणी घेऊन बसा आणि पाकाचा थेंब त्यात सोडा.

थेंबाची मऊ गोळी झाली आणि बोटात दाबली गेली, तर तो गोळीबंद पाक, साधारण ११३ ते ११६ अंश सेल्सिअसचा. हा वड्यांसाठी.

गोळी टणक झाली, पण चावली तर दाताला चिकटली, तर पाक १२० ते १३० अंशांवर आहे. हा टप्पा फसवा. इथंच घाई करून उतरवलं की गोळ्या चिकटतात.

थेंब पाण्यात पडताच कडक झाला आणि मोडताना 'कट्' असा आवाज आला, की पाक १५० अंशांच्या आसपास आला. हा गोळ्या आणि चिक्कीसाठी. यापुढे अर्धं मिनिट जरी दुर्लक्ष झालं, तरी साखर करपून कडू होते.

साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं. उकळी फुटली की चमचा बाजूला. कडेला साखरेचे कण चिकटले असतील तर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. एक कण पाकात पडला तरी सगळा पाक साखरतो.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. त्या वेळी मुलं स्वयंपाकघरात नकोत. चुकून हातावर उडालाच, तर लगेच हात वाहत्या थंड पाण्याखाली धरा आणि वीसेक मिनिटं तसाच राहू द्या. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

कोकमाच्या खाऱ्या-गोड गोळ्या

कोकमाला आमच्याकडे रातांबा म्हणतात, सिंधुदुर्गात भिरंड. एप्रिल-मे महिन्यांत फळ पिकतं. सालं सोडवायची, फळाच्याच रसात मीठ घालून त्यात बुडवायची आणि वाळवायची. असे चार-पाच वेळा पुट दिले की काळसर, लवचीक आमसूल तयार होतं. म्हणजे त्यात आंबट आणि खारट दोन्ही आधीच आलेलं असतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "आता कळलं होय त्यांना!"

साहित्य: साखर २ वाट्या, पाणी पाऊण वाटी, लिंबाचा रस ८-१० थेंब, आमसुलाची पूड १ मोठा चमचा, सैंधव अर्धा लहान चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा लहान चमचा, थाळीला लावायला तूप, घोळवायला पिठीसाखर. (माझी वाटी म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम साखर मावणारी.)

कृती: आमसुलं दोन-तीन कडक उन्हं देऊन कुरकुरीत करा, मग मिक्सरमधून काढून चाळून घ्या. ऊन नसलं तर अगदी मंद आचेवर तव्यात उलटसुलट परता. करपू देऊ नका. पूड, सैंधव आणि जिरं एकत्र करून आधीच हाताशी ठेवा, कारण नंतर शोधायला वेळ मिळत नाही. साखर, पाणी आणि लिंबाचे थेंब जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ठेवा. 'कट्' आवाजाचा पाक झाला की पातेलं उतरवा. बुडबुडे बसू द्या, मग पूड घालून दोन-तीनदाच ढवळा. तूप लावलेल्या थाळीवर चहाच्या चमच्यानं थेंब थेंब सोडत जा. हात चालवा, थंड झालं की पाक ओढत नाही. गोळ्या पूर्ण निवल्या की पिठीसाखरेत घोळवून लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. साठेक गोळ्या होतात.

कोकमाच्या कुठल्याही पदार्थाला पितळेचं बिनकल्हईचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका. आंबटानं धातू उतरतो. स्टील, काच किंवा चिनी मातीच बरी.

अमृत कोकमाच्या फाका

ही खरी काटकसरीची कृती. मे महिन्यात घरोघरी अमृत कोकम घालतात. एक किलो सालांना दीड ते दोन किलो साखर, बरणीत थरावर थर, आणि आठ-दहा दिवस ऊन. साखर विरघळून सुरेख लाल पाक सुटतो, तो गाळून सरबतासाठी भरतात. खाली उरलेली सालं बऱ्याच घरी टाकून देतात. टाकू नका हो! ती चाळणीत रात्रभर निथळत ठेवा. मग स्टीलच्या ताटात पसरून, वर पातळ फडकं बांधून, तीन-चार उन्हं द्या. बोटाला चिकटेनाशी झाली की वाटीभर फाकांना दोन मोठे चमचे पिठीसाखर, अर्धा लहान चमचा सैंधव आणि तेवढीच जिरेपूड, असं माप धरून घोळवा.

पाऊस लागायच्या आत कोरड्या बरणीत भरल्या, तर या फाका दिवाळीपर्यंत छान राहतात. आधी गोड लागतात, मग खाऱ्या, आणि शेवटी दाताखाली आंबट. डब्यात सगळ्यांत आधी हीच पुडी संपते, असा अनुभव आहे.

आलेवडी

दिवाळीच्या सुमारास पहाटेचा गारठा सुरू होतो, घसे धरतात. अशा वेळी आलेवडी हवीच.

साहित्य: सोलून वाटलेलं आलं १ वाटी, साखर ३ वाट्या, मीठ पाव लहान चमचा, तूप १ लहान चमचा.

कृती: आलं रेषेदार असेल तर वाटून चाळणीतून काढा, नाहीतर वडी खाताना दोरे लागतात. आलं आणि साखर एकत्र करून मध्यम आचेवर ढवळत राहा. मिश्रण कड सोडू लागलं, कडेला पांढुरकी साय दिसली, की मीठ-तूप घालून उतरवा. खाली घेतल्यावर ढवळणं थांबवू नका. मिश्रण जड होईपर्यंत घोटा. मग तूप लावलेल्या ताटात थापा आणि कोमट असतानाच वड्या कापा. दूध घातलं तर वडी मऊ होते, पण टिकत नाही. प्रवासाच्या डब्यासाठी बिनदुधाचीच करा. तीन-चार आठवडे बिनघोर.

तुम्ही म्हणाल, वडीत मीठ कशाला? चिमूटभर मिठानं आल्याचा कडवटपणा दबतो आणि गोडी वर येते. पुरणात आपण चिमूटभर मीठ घालतो ते याचसाठी. मात्र हे मीठ 'लागता' कामा नये. लागलं, तर जास्त झालं.

खारी काजू चिक्की

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि कोकणच्या कातळात तो असा रुजला की आता परका वाटत नाही. चिक्कीला अख्खे महागडे काजूगर कशाला? बाजारात काजूतुकडा मिळतो, तो निम्म्या खर्चात तेच काम करतो.

साहित्य: काजूतुकडा २ वाट्या, चिरलेला चिक्कीचा गूळ दीड वाटी, तूप २ लहान चमचे, खाण्याचा सोडा चिमूटभर, जाडं मीठ भरडून पाव लहान चमचा.

कृती: काजू मंद आचेवर गुलाबी भाजा. तुपात गूळ वितळवा. पाणी घालू नका. पाण्यात टाकलेला थेंब काचेसारखा मोडला की आच बंद करून सोडा घाला. पाक फसफसून हलका होतो आणि चिक्की दाताला कठीण जात नाही. लगेच काजू घाला, तूप लावलेल्या पाटावर लाटा, आणि गरम असतानाच वरून भरडलेलं मीठ भुरभुरून लाटणं एकदा हलकेच फिरवा. मीठ पाकात न घालता वरून घालायचं, ही खुबी. मग जीभेला आधी खारट कण लागतो आणि मागाहून गूळ येतो.

पोळीच्या गुंडाळ्या आणि आवळा

आंबापोळी किंवा फणसपोळी घरात असेल, तर काही शिजवायलाच नको. (फणसपोळी बरक्या फणसाचीच, काप्याचे गरे तळायला ठेवा.) पोळीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, पिठीसाखरेत किंचित सैंधव आणि नखभर लाल तिखट मिसळून त्यात घोळवा आणि गुंडाळ्या करा. मुलं यावर तुटून पडतात.

आवळा मात्र दिवाळीच्या डब्यात सहसा बसत नाही, कारण तो खरा येतो कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. तेव्हा आवळे वाफवून पाकळ्या सोडवा. निम्म्यांना मीठ, आल्याचा रस आणि ओवा लावून कडकडीत वाळवा, ही आवळासुपारी. उरलेल्या निम्म्या तीन दिवस साखरेत मुरवा आणि निथळून वाळवा. दोन्ही मिसळून एकाच पुडीत भरल्या की संक्रांतीला हलव्याबरोबर द्यायला उत्तम. हलवा म्हणजे तरी काय? तिळावर पाकाचे थेंब थेंब चढवून केलेली आपली स्वतःची काटेरी गोळीच की!

डबा कसा भरावा?

रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मीठसुद्धा बरणीत पाझरतं. म्हणून गोळ्या-चिक्की आषाढ-श्रावणात करायला जाऊच नका. वाळवणं मृगाच्या आधी, पाकाची कामं दसऱ्यानंतर, हा आमचा नेम. ऑक्टोबरचं ऊन तापतं, ते वाया घालवू नये. पाक करायला दुपारची वेळ निवडा; पहाटे आणि रात्री हवेत ओल जास्त असते.

डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा घ्या. आतून उन्हात वाळवा. गोळ्या बटर पेपरच्या पुड्यांत, पुडीमागे वीस-पंचवीसच. कोरड्या भाजलेल्या तांदळाची एक लहान पुरचुंडी तळाशी ठेवा, ती ओल ओढते. गोळ्या आणि वड्या शेजारी ठेवू नका. वडीची ओल गोळीला लागते. पोकळी राहिली असेल तिथं कागद दाबून बसवा. प्रत्येक पुडीवर नाव आणि केल्याची तारीख लिहा. पूर्वी डबा नेणारं ओळखीचं माणूस शोधावं लागे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि तो प्रश्न सुटला. आता तर कुरियरवाला दारातून घेऊन जातो.

कुणाला काय द्यावं, याचाही विचार करावा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कडक गोळी देऊच नका, घशात अडकते. त्यांना पोळीच्या गुंडाळीचा लहान तुकडा द्या. रक्तदाबाच्या माणसाला खारवलेली आमसुलं-आवळे नकोत. आणि मधुमेहाचं म्हणाल, तर "गुळाची आहे, चालेल" ही आपली फार मोठी चुकीची समजूत. गूळसुद्धा साखरच वाढवतो. अशा घरी काजू नुसते भाजून, थोडं मीठ-मिरी लावून द्यावेत. आपल्यासाठी कुणी वेगळं केलं, याचाच त्यांना जास्त आनंद होतो.

काही मैत्रिणी विचारतात, हे विकता येईल का? जरूर येईल, रत्नागिरी जिल्ह्यात कितीतरी बचतगट ते करत आहेत. पण विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि वेष्टनावर घटक, वजन, तारीख हे सगळं लागतं. ते आधी नीट समजून घ्या, मगच उतरा.

ओंजळीचं माप

एक गोष्ट राहिली. सासूबाईंचं सगळं माप ओंजळीचं होतं. "दोन ओंजळी साखर, बोटाच्या पेराएवढं सैंधव." कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली वाटी-चमच्याचं माप घरोघर रुजवलं, आमच्या घरीही ते पुस्तक होतं. पण सासूबाईंनी हाताखेरीज दुसरं माप वापरलं नाही. मीही कधी विचारलं नाही. त्या आहेतच की, असं वाटायचं.

२००८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात उचलेना. त्या दिवाळीला मी पहिल्यांदा एकटी पाकाशी उभी राहिले आणि ध्यानात आलं की साखर किती, हे मला सांगताच येत नाही. मी त्यांच्या खाटेशी परात घेऊन बसले. त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत धरून ओंजळ केली, तिच्यात साखर ओतली आणि ती वाटीनं मोजली. एक ओंजळ म्हणजे एक वाटी, जरा शिगेची. बोटाचं पेर म्हणजे पाव चमचा. असं करत एक वही भरली. त्यांना फार मौज वाटत होती. बोलणं जड झालं होतं, तरी म्हणाल्या, "तुझा हात मोठा आहे, तू कमी घे."

वर लिहिलेली सगळी मापं त्या वहीतली आहेत. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

आता माझी सून म्हणते, "आई, एवढा व्याप कशाला? सगळं घरबसल्या मागवता येतं." तिचं चूक नाही. ती नोकरी करते, दिवसभर दमते, आणि बाजारातल्या गोळ्या माझ्याहून गोल असतात! मी तिला एवढंच सांगितलं, की सगळं करू नकोस. वर्षाला एक पदार्थ शिक. गेल्या वर्षी तिनं चिक्की केली. पहिली कढई करपली, दुसरी जमली. माझ्या भावाला आता मधुमेह आहे, म्हणून त्याच्या डब्यात भाजलेले काजूच जातात. पण त्याचा दरवर्षी न चुकता फोन येतो, की एक, फक्त एक लाल गोळी पुडीत घालत जा. वडिलांची आठवण म्हणून. मी घालते. खातो की नुसती ठेवतो, ते मी विचारत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा एखादा तरी पदार्थ करून पाहा. पाकाला घाबरू नका, आंबट उकळू नका आणि डबा कोरडा ठेवा. आणि एवढं करूनही गोळ्यांची ढेप झालीच, तर वाईट वाटून घेऊ नका. घरात बत्ता आहे ना? फोडा आणि वाटा!